गुन्हेगारीशास्त्र शिकताना: प्रवेशाआधीच्या प्रश्नांपासून पहिल्या नोकरीपर्यंत

गुन्हेगारीशास्त्राची पदवी आणि त्यानंतर पदव्युत्तर पदवी घेऊन मी काही वर्षे शिक्षा भोगून बाहेर आलेल्या लोकांच्या पुनर्वसनाच्या कामात घालवली आहेत. या काळात प्रवेश घेऊ पाहणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांशी बोलणे झाले आणि मला त्या वयात पडलेल्या शंकाच त्यांनाही पडत असल्याचे दिसले. हा विषय शिकून नेमके काय होता येते, पोलिसांत थेट घेतात का, प्रयोगशाळेत काम मिळते का, गणित लागते का, असे हे प्रश्न असतात. त्यांची उत्तरे बहुतेकांना तिसऱ्या वर्षी कळतात, तेव्हा ऐच्छिक विषय निवडून झालेले असतात आणि मागे फिरणे अवघड असते. म्हणून मी ती येथे क्रमाने मांडत आहे. पात्रतेचे नियम आणि पदांची नावे प्रत्येक देशात वेगळी असतात. तो प्रश्न येईल तेथे काय विचारायचे आणि कोणाला विचारायचे, हे मी सांगितले आहे.

पायरी १ : विषय कोणता आहे, हे आधी नीट ओळखा

सर्वांत मोठा गोंधळ येथेच होतो. गुन्हेगारीशास्त्र, न्यायसहायक विज्ञान आणि फौजदारी कायदा हे तीन शेजारी विषय आहेत, पण त्यांचे प्रश्न वेगळे आहेत. एका घरात चोरी झाली, असे समजा. न्यायसहायक विज्ञानाचा अभ्यासक खिडकीच्या काचेवरचा ठसा कोणाचा आहे, हे पाहील. वकील कोणते कलम लागते आणि पुरावा न्यायालयात टिकेल का, याचा विचार करील. गुन्हेगारीशास्त्राचा विद्यार्थी मात्र विचारील की याच गल्लीत याच महिन्यात तीन घरे का फुटली, एकदा फुटलेले घर पुढच्या काही आठवड्यांत पुन्हा फुटण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त का असतो, शेजारच्या कुटुंबाने तक्रार का नोंदवली नाही, आणि पकडला गेलेला तरुण तुरुंगातून सुटल्यावर पुन्हा त्याच वाटेला जाऊ नये म्हणून काय उपयोगी पडते.

याचा अर्थ असा की हे प्रामुख्याने सामाजिक शास्त्र आहे. सूक्ष्मदर्शक, रक्ताचे नमुने आणि बंदुकीच्या गोळ्यांची तपासणी हे तुमचे आकर्षण असेल, तर रसायनशास्त्र, जीवशास्त्र किंवा न्यायसहायक विज्ञान यांपैकी एखादी पदवी घ्या. प्रयोगशाळांतील पदे बहुतेक ठिकाणी विज्ञानाच्या पदवीधरांनाच मिळतात. माझ्या वर्गातील काही जण पहिल्या सत्रात प्रयोगशाळेची वाट पाहत होते आणि वर्षाअखेर त्यांनी विषय सोडला. ती हुशार मुले होती, पण प्रवेशापूर्वी त्यांनी अभ्यासक्रम वाचला नव्हता आणि त्यांना तो वाचायला कोणी सांगितलेही नव्हते.

दुसरा गैरसमज गुन्हेगाराचे मानसिक चित्र रेखाटणाऱ्या तज्ज्ञाबद्दल आहे. असे काम असते, परंतु त्यासाठी नवपदवीधरांची थेट भरती होत नाही. अमेरिकेच्या एफबीआय या केंद्रीय तपास संस्थेमध्येदेखील हे काम बरीच वर्षे तपासाचा अनुभव घेतलेल्या विशेष एजंटांकडे जाते. केवळ या एका स्वप्नावर तीन-चार वर्षांचे शिक्षण उभे करू नका.

पायरी २ : वर्गात प्रत्यक्ष काय शिकवतात, ते समजून घ्या

अभ्यासक्रमाची नावे वेगवेगळी असली तरी गाभा साधारण सारखा असतो: गुन्ह्याची कारणमीमांसा, गुन्ह्यांचे मोजमाप, शिक्षा आणि सुधारणा यांचा अभ्यास म्हणजे दंडशास्त्र, गुन्ह्याची झळ बसलेल्या व्यक्तींचा अभ्यास म्हणजे पीडितशास्त्र, संशोधनपद्धती आणि पोलीस, न्यायालय व तुरुंग या यंत्रणांचे कामकाज.

कारणमीमांसेची सुरुवात बहुधा इटलीच्या चेझारे बेकारिया यांच्यापासून होते. १७६४ साली त्यांनी मांडले की शिक्षा किती कठोर आहे यापेक्षा ती होणार याची खात्री किती आहे, याचा धाक जास्त असतो. त्यानंतर १८७६ मध्ये चेझारे लोम्ब्रोसो यांनी जन्मजात गुन्हेगार शरीराच्या ठेवणीवरून ओळखता येतो, असा दावा केला. तो चुकीचा होता, तरीही तो शिकवतात आणि शिकवलाच पाहिजे; कारण चेहऱ्यावरून, जातीवरून किंवा वस्तीवरून गुन्हेगार ठरवण्याची सवय आजही गेलेली नाही आणि ती विज्ञानाच्या वेषात कशी येते, हे या एका उदाहरणातून स्पष्ट दिसते. पुढे शिकागोत क्लिफर्ड शॉ आणि हेन्री मॅके यांनी किशोरवयीन मुलांच्या गुन्ह्यांचे नकाशे काढले. शहराच्या काही भागांत राहणारे स्थलांतरित समूह एकामागून एक बदलत गेले, तरी त्या भागांतील गुन्ह्यांचे प्रमाण चढेच राहिले, असे त्यांना आढळले. म्हणजे दोष एखाद्या समाजाच्या रक्तात शोधण्याऐवजी त्या भागाच्या परिस्थितीत शोधायला हवा होता. १९३९ साली एडविन सदरलंड यांनी प्रतिष्ठित, सुस्थित लोकांच्या व्यवसायातील गुन्ह्यांकडे लक्ष वेधले आणि गुन्हा हा केवळ गरिबीचा परिणाम मानणाऱ्या सिद्धान्तांना धक्का दिला. १९७९ मध्ये लॉरेन्स कोहेन आणि मार्कस फेल्सन यांनी सोपे वाटणारे, पण फार उपयोगी सूत्र दिले: गुन्हा करू पाहणारा, सहज हाती लागणारे लक्ष्य आणि राखण करणाऱ्याचा अभाव, हे तिन्ही एका जागी व एका वेळी आले की गुन्हा घडतो.

हे सिद्धान्त पाठ करून गुण मिळतात, पण त्यातून विषय कळत नाही. प्रत्येक सिद्धान्त वाचताना स्वतःला विचारा की हा खरा असेल तर कोणती गोष्ट घडताना दिसली पाहिजे आणि कोणती दिसता कामा नये. माझ्या एका शिक्षिकेने ही सवय लावली आणि परीक्षेपेक्षा नोकरीत मला तिचा जास्त उपयोग झाला.

मोजमापाच्या भागावर विशेष लक्ष द्या. पोलिसांकडे नोंद झालेले गुन्हे म्हणजे घडलेले सर्व गुन्हे नव्हेत. म्हणूनच घरोघरी जाऊन तुमच्यावर गेल्या वर्षभरात कोणता गुन्हा घडला, असे विचारणारी सर्वेक्षणे सुरू झाली. अमेरिकेत १९७३ पासून आणि ब्रिटनमध्ये १९८२ पासून ती घेतली जातात. त्यांतून नोंदीपर्यंत न पोहोचलेल्या गुन्ह्यांचा अंदाज येतो. देशांची तुलना करताना तर फारच जपावे लागते. स्वीडनमध्ये लैंगिक गुन्ह्यांची कायदेशीर व्याख्या २००५ मध्ये व्यापक झाली आणि एकाच व्यक्तीवर पुन्हापुन्हा घडलेल्या कृत्यांची तेथे स्वतंत्र नोंद होते. दुसऱ्या देशात हीच घटनामाला एकच गुन्हा म्हणून नोंदली जाऊ शकते. दोन्ही आकडे शेजारी ठेवून एक देश सुरक्षित आणि दुसरा असुरक्षित, असा निष्कर्ष काढणारा विद्यार्थी पहिल्याच निबंधात अडकतो. ही अडचण कमी व्हावी म्हणून संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये गुन्ह्यांच्या सांख्यिकीसाठी आंतरराष्ट्रीय वर्गीकरण स्वीकारले.

काय केल्याने गुन्हे कमी होतात, हा या विषयातील मला सर्वांत मोलाचा वाटणारा प्रश्न आहे, कारण येथे चांगल्या हेतूंची परीक्षा होते. १९७० च्या दशकात अमेरिकेत वाट चुकलेल्या मुलांना तुरुंगात नेऊन कैद्यांकरवी घाबरवण्याचे कार्यक्रम लोकप्रिय झाले. ऐकणाऱ्याला ते पटत होते. मात्र मुलांचे यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखे, दोन गट करून तुलना केली, तेव्हा कार्यक्रमाला नेलेल्या मुलांनी न नेलेल्या मुलांपेक्षा जास्त गुन्हे केल्याचे आढळले. कॅन्सस सिटीत १९७२-७३ मध्ये काही भागांतील पोलिसांची गाडीतून होणारी नेहमीची गस्त वाढवून आणि काही भागांतील बंद करून पाहिली. गुन्ह्यांच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडला नाही. उलट मिनिआपोलिसमधील अभ्यासात जेमतेम ३ टक्के ठिकाणांवरून पोलिसांना मदतीसाठी येणारे निम्मे फोन येत असल्याचे १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि मग गस्त सगळीकडे सारखी पसरण्याऐवजी त्या मोजक्या ठिकाणी एकवटण्याचा विचार पुढे आला. आपल्याला योग्य वाटणारी गोष्ट पुराव्यापुढे टिकली नाही, तर ती सोडून देण्याची तयारी तुमच्यात आहे का, हे प्रवेशापूर्वीच स्वतःला विचारा.

पायरी ३ : अभ्यासक्रमाची निवड

महाविद्यालयाच्या नावापेक्षा अभ्यासक्रमाची पूर्ण प्रत मिळवा आणि संशोधनपद्धती व सांख्यिकीला किती तास दिले आहेत, ते पाहा. हे तास नगण्य असतील तर तो अभ्यासक्रम वाचायला रंजक असेल, पण नोकरीच्या वेळी तुमचे हात रिकामे राहतील. क्षेत्रकार्य अनिवार्य आहे का आणि त्याची व्यवस्था महाविद्यालय करते की विद्यार्थ्यावर सोडते, हेही विचारा. शिकवणाऱ्यांत संशोधक आणि प्रत्यक्ष काम केलेले असे दोन्ही प्रकारचे लोक असणे चांगले.

पदवीला थेट गुन्हेगारीशास्त्रच घ्यावे का, असा प्रश्न मला हमखास विचारला जातो. माझे मत असे आहे की पुढे काय करायचे, हे अजून ठरलेले नसेल तर पदवीला समाजशास्त्र, मानसशास्त्र, सांख्यिकी, समाजकार्य किंवा कायदा घ्यावा आणि पदव्युत्तर स्तरावर गुन्हेगारीशास्त्राकडे वळावे. अनेक व्यवसायांचे दरवाजे एका ठरावीक पदवीशिवाय उघडत नाहीत: मानसशास्त्रज्ञ होण्यासाठी मानसशास्त्राची मान्यताप्राप्त पदवी लागते, वकिलीसाठी कायद्याची आणि कित्येक ठिकाणी परिवीक्षा अधिकाऱ्यासाठी, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सुधारण्याची संधी मिळालेल्यांवर लक्ष ठेवणाऱ्यासाठी, समाजकार्याची. विषयाची ओढ पक्की असेल तर थेट प्रवेशातही काही चूक नाही. तेव्हा दुय्यम विषय मात्र विचारपूर्वक निवडा.

येथे एक सापळा आहे. माहितीपत्रकांत ‘करिअरच्या संधी’ या शीर्षकाखाली न्यायाधीशापासून गुप्तहेरापर्यंत सर्व काही छापलेले असते. त्यातील प्रत्येक पदासमोर दोन प्रश्न लिहा: या पदासाठी ही पदवी पुरेशी आहे का, आणि गेल्या तीन वर्षांत येथून शिकलेल्या किती जणांना ते पद मिळाले? प्रवेश विभागाकडे उत्तर नसेल तर माजी विद्यार्थ्यांना गाठा.

पायरी ४ : अर्जासाठी लागणारी कागदपत्रे

कागदपत्रे शेवटच्या आठवड्यात गोळा करायला निघू नका. साधारणपणे पुढील गोष्टी लागतात:

• आधीच्या शिक्षणाच्या गुणपत्रिका आणि प्रमाणपत्रे, साक्षांकित प्रतींसह
• ओळखपत्र आणि जन्मतारखेचा पुरावा
• हा विषय का शिकायचा आहे, हे सांगणारे एक-दोन पानांचे निवेदन
• शिक्षकांची किंवा काम पाहिलेल्या व्यक्तींची दोन शिफारसपत्रे
• पदव्युत्तर प्रवेशासाठी बहुधा लेखनाचा नमुना किंवा संशोधनाचा छोटा आराखडा
• परदेशी अर्ज करत असाल तर भाषेच्या परीक्षेचा निकाल
• अनिवार्य क्षेत्रकार्य असेल तर चारित्र्य पडताळणीचे प्रमाणपत्र

निवेदनात गुन्हेगारी मालिकांची आवड लिहू नका. निवड करणाऱ्यांनी ते वाक्य असंख्य वेळा वाचलेले असते. त्याऐवजी तुम्हाला छळणारा एक नेमका प्रश्न मांडा. माझ्या ओळखीच्या एका विद्यार्थिनीने लिहिले होते की घरातील हिंसाचाराची तक्रार मागे घेणाऱ्या स्त्रिया ती का मागे घेतात आणि त्यानंतर त्यांचे काय होते, हे कोणी मोजते का. तिला मुलाखतीत दुसरे काही विचारले गेले नाही. सगळी चर्चा या एकाच प्रश्नावर झाली.

पायरी ५ : सांख्यिकी आणि साधने पहिल्या वर्षापासून हाताळा

गणिताची भीती असलेले विद्यार्थी हा भाग पुढे ढकलतात. तसे करू नका. लागणारे गणित फार अवघड नसते, पण ते सरावाने येते. सुरुवातीला प्रमाण आणि दर यांतील फरक, सरासरी व मध्यक, नमुना निवड, सहसंबंध आणि कार्यकारणभाव यांतील अंतर आणि समाश्रयण (एक घटक बदलला की दुसरा किती बदलतो, हे मोजण्याची पद्धत) एवढे पक्के करा.

एक उदाहरण घ्या. फिलाडेल्फियात १९४५ मध्ये जन्मलेल्या ९,९४५ मुलांचा मार्व्हिन वोल्फगँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाठपुरावा केला. त्यांतील सुमारे ६ टक्के मुलांच्या नावावर पूर्ण गटाच्या निम्म्याहून थोडे अधिक गुन्हे होते. हे वाचल्यावर त्या ६ टक्क्यांना लहानपणीच शोधून काढावे, असे कोणालाही वाटेल. पण आधीच ओळखणे आणि नंतर मागे वळून मोजणे यांत मोठे अंतर आहे. ज्या घटनेचे मूळ प्रमाण कमी असते, तिचे भाकीत करताना निर्दोष मुलांवर धोकादायक असा शिक्का बसण्याचे प्रमाण खूप वाढते. आज संगणकीय प्रणाली हीच भाकिते करत आहेत आणि त्यांतील चुका ओळखू शकणाऱ्या माणसांची गरज आहे.

साधनांची यादी लांब नाही. स्प्रेडशीट उत्तम यायला हवे. त्यानंतर सांख्यिकीसाठी ‘आर’ ही मोफत संगणकभाषा किंवा ‘एसपीएसएस’ ही संगणकप्रणाली, नकाशांसाठी मोफत मिळणारे ‘क्यूजीआयएस’ आणि संदर्भांची नोंद ठेवण्यासाठी ‘झोटेरो’. विश्लेषकाची नोकरी हवी असेल तर माहितीसाठ्यातून नोंदी काढण्याची ‘एसक्यूएल’ भाषाही शिका.

पायरी ६ : प्रबंध आणि परवानग्या

माझे सर्वांत जास्त नुकसान येथे झाले, म्हणून हा भाग सविस्तर लिहीत आहे. पदव्युत्तर प्रबंधासाठी मी तुरुंगातील वीस कैद्यांच्या मुलाखती घेण्याचे ठरवले होते. विषय मंजूर झाला, प्रश्नावली तयार झाली आणि मी मोकळेपणाने कामाला लागले. संशोधनामुळे सहभागी लोकांना इजा होणार नाही ना, हे तपासणाऱ्या विद्यापीठाच्या नीतिसमितीची मंजुरी मिळायला सात आठवडे गेले. त्यानंतर तुरुंग प्रशासनाकडे वेगळा अर्ज करावा लागतो, हे मला तेव्हा समजले. उत्तर न येता चार महिने उलटले आणि प्रबंध सादर करण्याची तारीख जवळ आली. अखेर मला विषय बदलून प्रसिद्ध झालेल्या न्यायनिर्णयांवर काम करावे लागले. प्रबंध पूर्ण झाला, पण पहिल्या आराखड्यावर घालवलेले अर्धे वर्ष वाया गेले.

यातून शिकलेल्या गोष्टी अशा. पहिली, तुरुंग, बालगृह, पोलीस ठाणे किंवा पीडितांची निवारागृहे यांतील संशोधनाला किमान दोन परवानग्या लागतात: एक तुमच्या संस्थेची आणि दुसरी त्या यंत्रणेची. दोन्हींचे अर्ज शक्य तितक्या लवकर करा आणि कोणाची परवानगी आधी हवी, हे लेखी विचारून घ्या. दुसरी, पर्यायी विषय पहिल्या दिवसापासून तयार ठेवा. खुली सरकारी आकडेवारी, न्यायनिर्णय किंवा वृत्तपत्रांचे विश्लेषण यांवर उत्तम प्रबंध होतात. तिसरी, विद्यार्थ्याने थेट कैद्यांकडे किंवा पीडितांकडे जाण्याऐवजी त्यांच्यासोबत काम करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या आणि कार्यकर्त्यांच्या मुलाखती घ्याव्यात. परवानगी लवकर मिळते आणि कोणाची जखम पुन्हा उघडी पडत नाही.

नीतिसमितीचा अर्ज हा निव्वळ सोपस्कार मानू नका. १९७१ मध्ये स्टॅनफर्ड येथे बनावट तुरुंग उभारून केलेला प्रयोग दोन आठवडे चालायचा होता. पहारेकऱ्यांची भूमिका घेतलेले विद्यार्थी कैद्यांची भूमिका घेतलेल्यांना छळू लागल्याने तो सहा दिवसांत थांबवावा लागला. अशा अनुभवांनंतर आजचे नियम अधिक कडक झाले आहेत. कैदी नकार द्यायला खरोखर मोकळा आहे का, नकार दिल्यास सवलती जातील अशी त्याला भीती आहे का, याचे उत्तर तुमच्याजवळ असले पाहिजे. त्याहून नाजूक मुद्दा गोपनीयतेच्या मर्यादेचा आहे. मुलाखतीत एखाद्याने नोंद न झालेल्या गुन्ह्याची किंवा कोणाला इजा करण्याच्या बेताची माहिती दिली, तर तुम्ही ती लपवू शकाल का? याचे उत्तर स्थानिक कायद्यावर अवलंबून असते. म्हणून संभाषण सुरू करण्यापूर्वीच, कोणती माहिती मला गुप्त ठेवता येणार नाही, हे समोरच्याला साध्या शब्दांत सांगावे लागते आणि उघडकीस न आलेल्या गुन्ह्यांची नावे, तारखा व ठिकाणे विचारायची नसतात.

पायरी ७ : क्षेत्रकार्य आणि स्वयंसेवा

या क्षेत्रात गुणांपेक्षा प्रत्यक्ष अनुभवाला वजन आहे. पीडितांना मदत करणारी संस्था, व्यसनमुक्ती केंद्र, कायदेविषयक साहाय्य केंद्र, सुटलेल्या कैद्यांसाठीचे निवासगृह, किशोरवयीन मुलांसोबत काम करणारी संस्था, यांपैकी कोठेही आठवड्यातून चार-पाच तास दिले तरी वर्षभरात तुम्ही बरेच शिकाल. न्यायालयात बसून खुली सुनावणी पाहणे हा तर कोणतीही ओळख न लागणारा मार्ग आहे. मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला आधी तिकडे पाठवते.

या कामाचा मनावर परिणाम होतो, हे उघडपणे बोलले जात नाही. दिवसेंदिवस हिंसेच्या कहाण्या ऐकणाऱ्या माणसाची झोप उडते, घरच्यांबद्दल अकारण भीती वाटू लागते किंवा उलट काहीच वाटेनासे होते. हा दुबळेपणा नव्हे. दुसऱ्याच्या आघाताचा तो ज्ञात परिणाम आहे. संस्थेत वरिष्ठांशी नियमित बोलण्याची व्यवस्था आहे का, हे काम स्वीकारण्यापूर्वी विचारा आणि ती नसेल तर दुसरी संस्था शोधा. स्वतःवर किंवा घरात गुन्हा घडला म्हणून काही जण या विषयाकडे येतात. त्यांचे येथे स्वागतच आहे, मात्र त्याच प्रकारच्या प्रकरणांपासून सुरुवात करू नये, असे मी मनापासून सांगते.

पायरी ८ : करिअरच्या वाटा

पोलीस सेवेची भरती तिच्या स्वतःच्या परीक्षा, शारीरिक चाचणी आणि वयोमर्यादा यांनुसार होते. पदवीमुळे समज वाढते, बढतीच्या टप्प्यावर कधी फायदा होतो, पण रांग टळत नाही. गणवेशाशिवाय पोलिसांसोबत काम करण्याचा मार्ग म्हणजे गुन्हेविश्लेषक. नोंदींवरून कोठे, केव्हा आणि कोणत्या पद्धतीने गुन्हे घडतात, हे शोधून अधिकाऱ्यांसमोर मांडणे हे त्याचे काम. आकडे आणि लेखन या दोन्हींत गती असणाऱ्यांना मी हीच वाट आधी सुचवते.

सुधारणा आणि पुनर्वसन हे माझे क्षेत्र. परिवीक्षेची मुळे बोस्टनमधील जॉन ऑगस्टस यांच्या कामात आहेत. जोडे बनवण्याचा व्यवसाय करणाऱ्या या गृहस्थांनी १८४१ साली न्यायालयात एका मद्यपी माणसाची हमी घेतली आणि तुरुंगाऐवजी त्याला सुधारण्याची संधी मिळवून दिली. आजचा परिवीक्षा अधिकारी न्यायालयासाठी अहवाल लिहितो, अटींचे पालन होते का ते पाहतो आणि निवारा, काम व उपचार यांची सांगड घालतो. तुरुंगात शिक्षण, समुपदेशन आणि सुटकेची तयारी यांसाठी पदे असतात. तेथे काम करणार असाल तर कैद्यांना कसे वागवावे, हे सांगणारे संयुक्त राष्ट्रांचे २०१५ चे नेल्सन मंडेला नियम वाचाच. सलग १५ दिवसांपेक्षा जास्त एकांतवास देण्यास त्यांत मनाई आहे. किशोर न्यायाची वेगळी शाखा आहे. तिचे पहिले न्यायालय १८९९ मध्ये शिकागोत सुरू झाले आणि आजही मुलांसोबतचे काम वेगळे कौशल्य व वेगळे प्रशिक्षण मागते.

पीडित साहाय्य आणि समेटावर आधारित न्याय ही वाढणारी क्षेत्रे आहेत. समेटाच्या पद्धतीत, दोन्ही बाजूंची तयारी असेल तेव्हाच, गुन्हा करणारा आणि ज्याचे नुकसान झाले तो प्रशिक्षित मध्यस्थासमोर भेटतात. कॅनडातील किचनर येथे १९७४ मध्ये झालेला असा प्रयोग या चळवळीचा आरंभ मानला जातो.

विद्यार्थ्यांच्या लक्षात सहसा न येणारा दरवाजा बँका आणि मोठ्या कंपन्यांत आहे. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या एफएटीएफ या, काळा पैसा पांढरा करण्याविरुद्ध काम करणाऱ्या आंतरशासकीय संस्थेच्या ४० शिफारशींनुसार बँकांना संशयास्पद व्यवहार ओळखून कळवावे लागतात. त्यामुळे काळ्या पैशाचा माग, फसवणुकीचा तपास आणि नियमपालन यांसाठी माणसे सतत लागतात. गुन्हेगारीशास्त्रासोबत लेखा किंवा वित्त यांचे थोडे ज्ञान असेल तर येथील पगार इतर वाटांपेक्षा सहसा चांगला असतो. सायबर गुन्ह्यांच्या क्षेत्रात तांत्रिक पदे संगणकशास्त्राच्या पदवीधरांना जातात, पण फसवणाऱ्याची पद्धत आणि फसणाऱ्याचे वर्तन समजणाऱ्यांनाही तेथे जागा आहे.

संशोधन, धोरण आणि अध्यापन यांसाठी पदव्युत्तर पदवी आणि पुढे पीएचडी लागते. व्हिएन्नास्थित यूएनओडीसी (अमली पदार्थ आणि गुन्हेविषयक कार्यालय) किंवा इटलीतील तुरीनमधील युनिक्री (गुन्हे आणि न्याय यांवरील संशोधन संस्था) या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांमध्ये जाण्याची इच्छा असेल तर दुसरी एखादी आंतरराष्ट्रीय भाषा आतापासूनच शिका. या जागा थोड्या असतात. आधी आपल्या देशातील संस्थेत काही वर्षे काम करून मग अर्ज करणे अधिक फलदायी ठरते.

पायरी ९ : शेवटचे वर्ष आणि चारित्र्य पडताळणी

या क्षेत्रातील नोकरी निवड झाल्याबरोबर सुरू होत नाही. पोलीस, तुरुंग, बालसंस्था आणि बँका पार्श्वभूमी तपासतात आणि त्यात कित्येक आठवडे, कधी महिने जातात. म्हणून अंतिम परीक्षेच्या किमान सहा महिने आधी अर्ज सुरू करा. गेल्या पाच-दहा वर्षांतील राहण्याचे सर्व पत्ते, नोकऱ्यांच्या तारखा आणि संदर्भ देणाऱ्यांचे संपर्क एका कागदावर लिहून ठेवा. पदवीचे अंतिम प्रमाणपत्र उशिरा मिळते. तोपर्यंत चालेल असे तात्पुरते पत्र विद्यापीठाकडून मागून घ्या. समाजमाध्यमांवर कोणाची प्रकरणे, छायाचित्रे किंवा क्षेत्रकार्यातील अनुभव नावानिशी लिहिले असतील तर ते काढून टाका. तो लोकांच्या गोपनीयतेचा भंग आहे आणि मुलाखत घेणारे ते पाहतात.

स्वतःच्या नावावर एखादा जुना गुन्हा किंवा खटला असेल तर काय करावे, असे काही जण दबक्या आवाजात विचारतात. अनेक पदांसाठी तो आपोआप अडथळा ठरत नाही आणि पुनर्वसनाच्या काही संस्था तर असा अनुभव असलेल्या माणसांना मुद्दाम घेतात. कोणत्या नोंदी सांगणे बंधनकारक आहे आणि कोणत्या ठरावीक काळानंतर सांगाव्या लागत नाहीत, हे आपल्या देशातील नियमांनुसार कायदेविषयक साहाय्य केंद्रातून विचारून घ्या आणि जे सांगणे बंधनकारक आहे ते अर्जातच स्पष्ट लिहा. मी निवड समितीवर बसले आहे. जुन्या नोंदीमुळे अर्ज बाद झालेले थोडे पाहिले, ती लपवल्यामुळे बाद झालेले पुष्कळ पाहिले.